मॉडेल ट्रॉलरसाठी मागवलेला मोटारीचा संच: काय ठेवलं, काय काढलं

चिपळूणला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. पाण्याचे पंप, मिक्सर, गिरणीच्या मोटारी, आणि बंदरावरून येणारे होड्यांचे स्टार्टर नि डायनामो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर पुढचे पाच महिने दुकानात फक्त गाळाने भरलेल्या मोटारी होत्या. हे एवढ्यासाठी सांगतो की मोटार बघितल्यावर ती काय करेल याचा मला थोडा अंदाज येतो. तरीही रिमोटच्या बोटीसाठी मी जो संच विकत घेतला त्यातलं निम्मं सामान बदलावं लागलं. कोणाला अशीच बोट करायची असेल तर त्याचे पैसे वाचावेत म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

बोट माझी नाही, आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची आहे. ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर (जाळं ओढणाऱ्या मच्छीमार बोटीवर) तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. गुडघे गेल्यावर घरी बसले आणि ज्या ट्रॉलरवर आयुष्य काढलं तिचंच मॉडेल करायला घेतलं. ट्रॉलर ४७ फुटी, म्हणजे साधारण १४.३ मीटर. मॉडेल १:१६, म्हणजे जवळपास ९० सेंटिमीटर. लाकडी पट्ट्या, वरून फायबर, पुढे रंगवलेले डोळे, मागे जाळं ओढायची कमान, सगळं हाताने केलेलं. मला म्हणाले, "मिस्त्री, हिला जीव तुम्ही घाला." एवढ्या प्रेमाने केलेली वस्तू हातात दिल्यावर मोटार कशीबशी बसवून देणं मला शक्य नव्हतं.

संच ऑनलाइन मागवला. पाकिटावर 'टग व ट्रॉलरसाठी संपूर्ण पॉवर संच' असं होतं, किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. आत ५४० मापाची, तारेच्या २७ वेढ्यांची ब्रश मोटार (कार्बनच्या तुकड्यांतून, म्हणजे ब्रशमधून, वीज घेणारी), ३२० अँपिअर लिहिलेला कंट्रोलर (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा), ४ मिलिमीटर शाफ्ट आणि पितळी नळी, एक युनिव्हर्सल कप्लिंग, आणि ४० मिलिमीटरचा तीन पात्यांचा प्लास्टिकचा पंखा. (बंदरावर प्रॉपेलरला पंखाच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) बॅटरी वेगळी घ्यायची. भाच्याकडे ७.४ व्होल्टची लिपो (हलकी लिथियम-पॉलिमर बॅटरी) होती, तीच पहिल्यांदा लावली.

चाचणीची जागा म्हणजे गावाबाहेरची बंद पडलेली चिरेखाण. जांभा काढून झालेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं आणि माघापर्यंत टिकतं. पाणी स्थिर, शेवाळ कमी, काठ सरळ कापलेला, त्यामुळे टेप लावून वेळ मोजता येतो. नदीत किंवा खाडीत हे जमत नाही. काठ मात्र घसरडा आणि पाणी एकदम खोल, तेव्हा एकट्याने जाऊ नका आणि बोट बंद पडली तर आत उतरू नका. आम्ही गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून ठेवला आहे. तो बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरीने बोट हळूहळू ओढून आणायची.

पहिल्या दिवशी थ्रॉटल दिला आणि बोट नाळ (पुढचं टोक) वर काढून सुटली. मागचा भाग पाण्यात बसला, दोन्ही बाजूंनी पाणी उडालं. भाचा खूश. तांडेल गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "मिस्त्री, ही ट्रॉलर नाही चालत. हिच्या नाळेखालून पाणी असं फुटत नाही." बोट काठाला घेतली तर मोटारीला हात लावता येत नव्हता. वॉटमीटर जोडून पुन्हा सोडली: पूर्ण थ्रॉटलला २३ अँपिअर. ७.४ व्होल्टवर म्हणजे जवळपास १७० वॉट. सहा किलो भरायच्या, चालण्याच्या वेगाने जायच्या बोटीला एवढी शक्ती कशाला?

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो, आणि जे हिशेब संच मागवायच्या आधी करायला हवे होते ते तेव्हा केले. इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात विल्यम फ्रूड यांनी लांब हौदात जहाजांची मॉडेलं ओढून जो नियम बसवला, तोच इथे लागतो. मॉडेलच्या भोवती लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसायला हव्या असतील तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करायचा. १६ चं वर्गमूळ ४. खरी ट्रॉलर ८ नॉट जात असेल तर मॉडेलने २ नॉट जायचं, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. वजन मात्र घनाने कमी होतं: १६ चा घन ४,०९६, म्हणून २६ टनांची ट्रॉलर मॉडेलमध्ये साधारण ६.३ किलो भरते. शिवाय अशा पोटाच्या, पाणी बाजूला सारत जाणाऱ्या बोटीला स्वतःची एक मर्यादा असते. पाण्यावरच्या लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला सव्वाने गुणलं की सेकंदाला किती मीटर ते कळतं. ९० सेंटिमीटरला हे येतं १.२ च्या जवळ. त्यापुढे कितीही शक्ती घातली तरी ती बोट पुढे नेण्याऐवजी लाट उभी करण्यात जाते. पहिल्या दिवशी नेमकं तेच झालं होतं.

आता पंखा. तांडेलांना प्लास्टिकचा पंखा मान्यच नव्हता, ट्रॉलरचा पंखा मोठा आणि पितळी असतो. म्हणून ५० मिलिमीटरचा चार पात्यांचा पितळी पंखा वेगळा मागवला, एम४ (४ मिलिमीटरच्या) आट्यांचा. महाग पडला, पण पाती एकसारखी, भोक मध्यावर, शाफ्टवर फिरवून बघितला तर जराही लटपट नाही. संचातल्या प्लास्टिकच्या पंख्याचं भोकच मध्यावर नव्हतं. जास्त फेऱ्यांना अख्खी बोट थरथरत होती त्याचं कारण तेच. तो पंखा मी कोणाला घ्यायला सांगणार नाही.

पण मोठा पंखा लावला की मोटारीवर काय होतं हे बघून घ्या, कारण संच विकणारे हे सांगत नाहीत. तेवढ्याच फेऱ्यांना पंख्याचा भार व्यासाच्या पाचव्या घातानं वाढतो. ४० चा ५० केला, म्हणजे व्यास सव्वापट, तर भार तिप्पट. आणि पंखा तोच ठेवून फेऱ्या दुप्पट केल्या तर लागणारी शक्ती आठपट. म्हणून बोटीत मोटार शेवटी ठरवायची. आधी बोट, मग तिचा वेग, मग त्या वेगाला पंखा किती फिरायला हवा, आणि मग तेवढ्या फेऱ्या आरामात देईल अशी मोटार. कंट्रोलर आणि बॅटरी त्याच्याही नंतर.

आमच्या पंख्याची एका फेरीतली चाल साधारण ४० मिलिमीटर आहे. पाण्यात पंखा घसरतो, जाड पोटाच्या बोटीत बराच घसरतो. चाळीस टक्के घसर धरली तर सेकंदाला एक मीटर जायला मिनिटाला अडीच ते पावणेतीन हजार फेऱ्या पुरतात. आणि २७ वेढ्यांची ५४० मोटार ७.२ व्होल्टवर मोकळी सोडली तर पंधरा हजारांच्या वर फिरते. रेसच्या गाडीला गिअर असतो, तिथे ते चालतं. इथे मोटार सरळ शाफ्टला जोडलेली. तरी ५० चा पंखा लावून एकदा बघितलं: पाऊण थ्रॉटलला १९ अँपिअर, आणि दोन मिनिटांत वार्निशचा वास. तो वास मी रोज घेतो, लगेच बंद केलं.

इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे दातेरी बेल्ट लावून फेऱ्या कमी करणं. टगवाले बरेच जण तसं करतात आणि ताकद चांगली मिळते, पण आमच्या इंजिनाच्या खणात जागा नव्हती आणि बेल्टचा आवाज तांडेलांना नको होता. दुसरी वाट माझ्या धंद्यातली: वेढे वाढवणं. त्याच लोखंडावर बारीक तारेचे जास्त वेढे घातले की फेऱ्या कमी होतात आणि प्रत्येक अँपिअरला मिळणारा पीळ वाढतो. पंपाच्या मोटारीत आम्ही हेच वर्षानुवर्षं करतो. मी २७ वेढ्यांचं आर्मेचर (मोटारीतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) सोडून पुन्हा भरायला बसणारच होतो, तेवढ्यात भाच्याने दाखवलं की दगडांवरून चढणाऱ्या रिमोटच्या गाड्यांसाठी ५५ आणि ८० वेढ्यांच्या ५४० मोटारी तयार मिळतात. माप तेच, बसवायची भोकं तीच, शाफ्ट तोच ३.१७ मिलिमीटर. दोन्ही मागवल्या, प्रत्येकी हजाराच्या आत.

आणि इथे या सगळ्या खरेदीतली सगळ्यात समाधानाची गोष्ट घडली. तीच बोट, तोच पितळी पंखा, ६ व्होल्टची बॅटरी, फक्त मोटार बदलली. ८० वेढ्यांची: पूर्ण थ्रॉटलला २.२ अँपिअर, शाफ्टवर टॅकोमीटरने २,९०० फेऱ्या. ५५ वेढ्यांची: पूर्ण थ्रॉटलला ५.४ अँपिअर, ३,९०० फेऱ्या. अर्धा तास चालवून दोन्ही मोटारींना हात लावला. ८० ची गार, ५५ ची कोमट. पाण्याने गार करायची तांब्याची वेटोळी, पाणी ओढायची नळी, यातलं काहीच लागलं नाही, म्हणजे बोटीच्या बुडाला एक भोक कमी.

८० वेढ्यांची मोटार नुसत्या हिशेबाने बघितली तर अगदी नेमकी होती. पूर्ण थ्रॉटल म्हणजे ट्रॉलरचा खरा वेग. पण दुपारी वारा उठला आणि बोट वाऱ्यावर तोंड करेना. हाताशी राखीव काही नव्हतं. ५५ ची निम्म्या थ्रॉटलला तोच वेग देते आणि वारा आला, काठ जवळ आला, की वरचा जोर हजर असतो. मागे घ्यायलाही तो जोर उपयोगी पडतो. म्हणून बोटीत ५५ वेढ्यांची बसवली. तुमचं तळं चहूबाजूंनी झाडीने झाकलेलं असेल आणि बोट साठ-सत्तर सेंटिमीटरची असेल तर ८० ची घ्या, बॅटरी कितीतरी जास्त पुरेल.

ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली मोटार) का नाही, असं भाचा अजून विचारतो. त्याच्या स्पीडबोटीत ब्रशलेसच आहे आणि तिथे ती हवीच. पाण्यावर उचलली जाणारी बोट, पातळ धारदार दोन पात्यांचा पंखा, पंचवीस-तीस हजार फेऱ्या, हे काम कार्बन ब्रशच्या मोटारीचं नाही. पण सेन्सर नसलेली ब्रशलेस अगदी हळू सुरू करताना अडखळते, झटका देऊन उचलते. ट्रॉलर धक्क्याला लावताना पंखा एकेक फेरी फिरवायचा असतो. तिथे साधी ब्रश मोटार जेवढी गोड चालते तेवढी दुसरी मी बघितली नाही.

मोटार घेतल्यावर दोन कामं करा. नवीन मोटार २-३ व्होल्टवर, बिनाभाराची, तासभर फिरू द्या, म्हणजे कार्बन कॉम्युटेटरच्या (ज्या तांब्याच्या गोलावर तो घासतो त्याच्या) गोलाईत बसतो. आणि ब्रशच्या ठिणगीने रिमोटच्या सिग्नलला होणाऱ्या त्रासासाठी तीन छोटे कपॅसिटर लावा, १०४ आकड्याचे (०.१ मायक्रोफॅरड): एक दोन्ही टोकांमध्ये, आणि प्रत्येक टोकापासून मोटारीच्या डब्याला एकेक. डब्यावर झाळताना आधी कानस मारा, नाहीतर कथील धरत नाही. आमच्याकडे हे केल्यावर सुकाणूची थरथर थांबली.

कंट्रोलरबद्दल जरा रागाने लिहितो. ३२० अँपिअर असं ज्यावर छापलं होतं त्याच्या वायरी माझ्या मिक्सरच्या वायरीपेक्षा थोड्याच जाड. एवढा करंट सतत वाहायला वेल्डिंगची केबल लागते. तो आकडा आतल्या ट्रान्झिस्टरने क्षणभर सोसायचा आहे, आणि बोटीत थ्रॉटल क्षणभर नसतो, अर्धा-अर्धा तास असतो. नवीन माणूस तो आकडा बघून निर्धास्त होतो, म्हणून हे खटकतं. दुसरी अडचण जास्त त्रासाची होती. हा कंट्रोलर गाडीचा होता: रिमोटची काडी मागे ओढली की आधी ब्रेक, सोडून पुन्हा ओढली की मग रिव्हर्स. बोटीला ब्रेक नसतो. धक्क्यासमोर आल्यावर रिव्हर्स पहिल्या ओढीलाच लागला पाहिजे. दोनदा ट्रॉलरची नाळ चिऱ्याला लागली, आणि तांडेलांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

बदल्यात ६० अँपिअरचा, ब्रश मोटारीसाठीचा, पाणी न शिरणारा कंट्रोलर घेतला, अठराशेला. विकत घेताना मी एकच प्रश्न विचारला होता: ब्रेक बंद करून थेट पुढे-मागे करता येतं का? येत असेल तरच घ्या. याच्यात बॅटरीचा प्रकार निवडायची, पिनांवर बसणारी छोटी टोपी आहे आणि तिथे एक फसगत होते. टोपी लिपोवर ठेवून शिशाची ६ व्होल्टची बॅटरी लावली तर कंट्रोलरला वाटतं लिपो संपत आली, आणि तो लगेच जोर कमी करतो. आमचा एक अख्खा रविवार यात गेला. टोपी निमएचकडे (निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या जागी) हलवली आणि बोट सुरळीत झाली.

शिशाची बॅटरी ऐकून पुष्कळ जण नाक मुरडतील. पण वजनाचा हिशेब वर दिलाच आहे. सगळं सामान धरून बोट ३.९ किलो भरत होती आणि ती पाण्यात नीट बसायला ६.३ हवी होती. म्हणजे जवळजवळ अडीच किलो वजन काही ना काही रूपाने घालायचंच होतं. लिपोचा हलकेपणा इथे कशाला विकत घ्यायचा? इमर्जन्सी दिव्यात असतात त्या ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासाच्या दोन बंद बॅटऱ्या समांतर जोडल्या, दीड किलो झालं. उरलेल्या वजनाला तांडेलांनी जुन्या जाळ्याचं शिसं काढून दिलं. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बॅटरी मिळते, आगीची भीती लिपोएवढी नाही, आणि ट्रॉलरच्या वेगाला १.८ अँपिअर लागत असल्यामुळे साडेतीन तास चालवून शेवटी आम्हीच थांबवली. बॅटरी ५.२५ व्होल्टच्या खाली उतरवू नका आणि रिकामी करून ठेवू नका, घरी आल्या आल्या चार्जिंगला लावा. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी घेतलेल्या आणि सारख्याच वापरलेल्या असाव्यात. बॅटरीच्या अधिक टोकाला मोटारसायकलमधला पट्टीचा ७.५ अँपिअरचा फ्यूज घाला. पंख्यात दोरी किंवा शेवाळ अडकून मोटार जागच्या जागी थांबली तर पहिला तो जातो, मोटार वाचते. फ्यूज दहा रुपयांचा.

शाफ्ट आणि नळी संचातलीच ठेवली. खरं सांगायचं तर संचातली सगळ्यात चांगली वस्तू तीच निघाली. स्टेनलेस शाफ्ट सरळ होता, लेथवर धरून डायल लावून बघितला. दोन्ही टोकांचे पितळी बुश नळीत घट्ट आणि शाफ्ट त्यांच्यात मोकळा, जसे हवेत तसे. फक्त मधोमध तेलाची नळी नव्हती. नळीला वरून भोक पाडून ३ मिलिमीटरची पितळी नळी उभी झाळली आणि तिच्यातून ग्रीस भरलं. नळीचं आतलं टोक पाण्याच्या रेषेच्या वर येईल असा शाफ्टचा कोन ठेवा, म्हणजे ग्रीस कमी झालं तरी पाणी आत शिरत नाही.

कप्लिंगनेही काम दिलं, पण युनिव्हर्सल कप्लिंग आहे म्हणून मोटार वाकडी बसवायची नसते. मी लेथवर एक पितळी तुकडा करून घेतला: एका बाजूला ३.१७ चं भोक, दुसऱ्या बाजूला ४ चं. तो कप्लिंगच्या जागी घालून मोटार आणि शाफ्ट एका रेषेत आणले, मोटारीची बैठक त्याच स्थितीत चिकटवली, आणि गोंद वाळल्यावर तुकडा काढून कप्लिंग घातलं. या एका कामाने मोकळ्या फिरण्याचा करंट १.३ वरून ०.८ अँपिअरवर आला. आवाज तर जवळजवळ गेलाच. जवळच्या कुठल्याही लेथवाल्याकडून हा तुकडा पन्नास-शंभर रुपयांत होतो, आणि तो करून घ्याच.

म्हणजे साडेतीन हजारांच्या संचातलं शाफ्ट, नळी आणि कप्लिंग एवढंच बोटीत राहिलं. मोटार भाच्याच्या गाडीत गेली, तिथे ती छान चालते, तिच्यात दोष नाही. कंट्रोलर आणि पंखा खणात पडून आहेत. सुटं घेतलं असतं तर मोटार, कंट्रोलर, शाफ्ट-नळी, कप्लिंग, पितळी पंखा आणि दोन बॅटऱ्या मिळून साडेसहा हजारांच्या आत काम झालं असतं. संचाला पाचपैकी दोन गुण. ५५ वेढ्यांच्या मोटारीला आणि पितळी पंख्याला पाचपैकी पाच, हातचं राखून नाही.

गेल्या रविवारी पुन्हा चिरेखाणीवर गेलो होतो. काठावर २० मीटरची टेप लावली, तांडेल काठी टेकत बोटीच्या बरोबरीने चालत निघाले. १९ सेकंद लागले. नाळेखाली पाण्याची एक घडी उठत होती आणि मागे जाऊन मिटत होती, पाणी कुठे उडत नव्हतं. ते शेवटपर्यंत चालत गेले, मग मागे वळून म्हणाले, "आता जाळं टाकलेलं असतं तर हिचा आवाज बदलला असता." रिमोट मी त्यांच्या हातात दिला. पुढच्या वेळी मागे कापडी जाळं बांधून ओढायचं ठरलं आहे, ५५ वेढ्यांना तेव्हा किती अँपिअर लागतात ते मोजून इथेच लिहीन.